नालबंद मॅडमचा हात

आमच्या फार्मसी कॉलेजात प्राणीगृहाच्या दारात रोज सकाळी एक बाई उभ्या असायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायच्या. अक्षरशः वास. विद्यार्थी असो नाहीतर विभागप्रमुख, दारात थांबायचं. मॅडम जराशा पुढे झुकायच्या आणि लगेच निकाल लागायचा. "गजरा काढून ये." "कसला स्प्रे मारलायस? आज तू बाहेरच." एकदा एका मुलाला त्यांनी विचारलं, "घरात मांजर हाय का रे?" तो चपापला. होतं. रात्रभर त्याच्या पांघरुणात झोपलेलं. "उद्यापासून इथं येऊन कपडे बदलायचे," मॅडम म्हणाल्या, "तू आत पाऊल टाकलंस की त्या बिचाऱ्यांना वाटतं, मांजरच आलं."

ते बिचारे म्हणजे आमचे पांढरे उंदीर. आणि मॅडम म्हणजे डॉ. जुबेदा नालबंद, प्राणीगृहाच्या पशुवैद्यक. नवीन औषध माणसाला देण्याआधी ते प्राण्यांवर तपासावं लागतं, आणि ते रक्तात गेलं की काय घडतं हे कळायला उंदराचं रक्त घ्यावं लागतं. एवढ्याशा जिवाचं रक्त घ्यायचं, तेही पुन्हा पुन्हा, आणि त्याला इजा होता कामा नये, ही मॅडमची विद्या. नगरमधल्या आमच्या साध्याशा कॉलेजात ही बाई होती, हे मी आज कुठेही गेले तरी मान वर करून सांगते.

मी सावेडीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेली. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. एम. फार्म.ला औषधशास्त्र घेतलं तेव्हा उंदरांशी गाठ आहे हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि तो गरम, धडधडणारा जीव हातात येणं वेगळं. पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि सुई, सिरिंज सगळं कपाटात बंद केलं. एक उंदीर अलगद उचलून माझ्या कोटाच्या बाहीवर ठेवला.

"काय करू, मॅडम?"

"काय न्हाई करायचं. त्याला तुला बघू दे."

दोन आठवडे माझं काम एवढंच. रोज जायचं, हात कोमट पाण्याने धुवायचे, तेच उंदीर उचलायचे, बाहीवर बसवायचे, परत ठेवायचे. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणी फोनवर सांगायच्या की त्यांचा प्रयोग निम्मा झाला. मी अगदी रडकुंडीला येऊन विचारलं, "मॅडम, रक्त कधी काढायला शिकवणार?"

"तो द्यायला तयार झाला की," त्या म्हणाल्या.

मॅडम ऑफिसात, मीटिंगमध्ये स्वच्छ प्रमाण मराठी बोलायच्या. इंग्रजीही उत्तम. पण प्राणीगृहात, त्यातही उंदरांशी बोलताना आणि राग आल्यावर, त्यांच्या तोंडून खर्डा बाहेर पडायचा. जामखेड तालुक्यातलं खर्डा हे त्यांचं गाव. त्यांचे अब्बा नावाप्रमाणे खरोखरचे नालबंद. ऊसतोडीच्या हंगामाआधी गाड्यांचे बैल नाल मारायला त्यांच्याकडे यायचे. नाल मारायचा म्हणजे बैल दोरांनी आडवा पाडावा लागतो, चारी पाय एकत्र बांधावे लागतात. घाबरलेला बैल उसळला तर माणसाच्या बरगड्या जातात. अब्बा दोर टाकायच्या आधी बराच वेळ नुसते बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. गाडीवान घाई करायचे. मॅडम लहानपणी दोर धरायला असायच्या. त्या सांगत, "अब्बांना कुणी म्हटलं, चाचा, आटपा, तर ते म्हणायचे, बैलाला अजून माझा हात कळला न्हाई. हात कळला की तो आपणहून अंग सोडतो." घरातली पहिली पदवीधर मुलगी पशुवैद्यक झाली ती तिथून. "मी कॉलेजात जनावराचं शरीर शिकले," त्या म्हणत. "जनावर आधीच शिकून आले होते."

शेवटी मला रक्त काढायला शिकवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. उंदराच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंनी बारीक शिरा असतात. एरवी त्या दिसतही नाहीत. मॅडमनी शेपूट कोमट पाण्यात धरली. हळूहळू निळसर रेघ वर आली. उंदराच्या डोक्यावर मऊ फडकं टाकलं, म्हणजे त्याला अंधार आणि आडोसा. डाव्या हाताने त्याला असं धरलं की तो धरलेला आहे हे त्यालाही कळू नये. सुई शिरेत गेली. मला वाटलं, अजून जायची आहे. तोवर रक्ताचा थेंब नळीत आलाही होता. "थांब रं बाबा, झालं हाय," असं म्हणत त्यांनी कापूस दाबला, आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. पिंजऱ्यात गेल्यावर तो उंदीर दोन पायांवर बसून मिशा साफ करायला लागला. मॅडम म्हणाल्या, "बघ. मिशा पुसतोय म्हणजे त्याचं काही बिघडलेलं नाही. हीच आपली मार्कशीट."

एकदा मी विचारलं होतं, प्रयोग संपल्यावर या उंदरांचं काय होतं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं. शेवटचं रक्त पूर्ण भूल देऊन हृदयातून घेतात आणि उंदीर परत जागा होत नाही. ते काम मॅडम कुणावर सोपवत नसत. त्या दिवशी त्या कमी बोलायच्या, डबा उघडायच्या नाहीत. "तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी म्हटलं.

"वाटतं. वाटू दे. ज्याला वाटत न्हाई असा माणूस मी इथं ठेवणार न्हाई." मग थोड्या वेळाने, नळ्यांवर चिठ्ठ्या लावता लावता, म्हणाल्या, "आणि सांडायचं नाही. एक थेंबही नाही. हे परत मागता येत नाही."

आता मुख्य गोष्ट सांगते.

माझे मार्गदर्शक काकडे सर. औषधशास्त्र विभागाचे प्रमुख, पारनेरकडचे, कामाला वाघ, पण सगळं काल व्हायला हवं होतं अशा घाईत असलेला माणूस. आमच्या माळरानावर पिवळ्या फुलांचं तरवड सगळीकडे उगवतं. त्याच्या अर्काने मधुमेह उतरतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. आधीच्या तुकडीने प्रयोग केला होता आणि निकाल डोळे दिपवणारा होता. अर्क दिलेल्या उंदरांची साखर एकदम खाली, न दिलेल्यांची आभाळाला. सरांनी त्याच्यावर एका मोठ्या परिषदेला निबंध पाठवून दिला होता, तो स्वीकारलाही गेला होता. माझं काम तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करायचं.

आधीच्या तुकडीने रक्त काढलं होतं ते डोळ्याच्या मागून, काचेची बारीक नळी घालून. पूर्वी ही पद्धत खूप ठिकाणी सर्रास होती. पटकन होतं, रक्तही भरपूर मिळतं. पण हात चुकला तर डोळा जातो, आणि घाईत भूल नीट चढलेली नसली तर उंदीर किंचाळतो. मॅडम नुकत्याच आमच्या कॉलेजात आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत ती पद्धत बंद केली. माझा प्रयोग शेपटीच्या शिरेतून रक्त घेऊन झाला. उंदीर माझ्या हाताला सरावलेले. कोणत्या उंदराचा नंबर आधी, कोणाचा नंतर, हेही मॅडमनी मिसळून टाकायला लावलं.

आकडे आले तेव्हा मी ते दोनदा तपासले. अर्काने साखर उतरत होती, पण जेमतेम. डोळे दिपावेत असं त्यात काही नव्हतं.

सरांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे न बघता थेट प्राणीगृहात गेले. मी मागोमाग. मॅडम पिंजऱ्यांतला भुसा बदलत होत्या.

"मॅडम, तुम्ही माझं औषध मारलंत."

"औषध आहे तेवढंच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त वरची भीती काढली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधीच्या तुकडीने अर्क दिलेल्या उंदरांचं रक्त सकाळी सगळ्यात आधी घेतलं होतं. न दिलेले उंदीर त्याच खोलीत वाट बघत बसलेले. किंचाळणं ऐकत, रक्ताचा वास घेत. त्यांची पाळी येईपर्यंत ते भीतीने अर्धे झालेले. आणि घाबरलेल्या जिवाची साखर चढते, मग तो उंदीर असो की माणूस. दोन गटांत जो मोठा फरक दिसला, त्यातला बराचसा तरवडाचा नव्हताच.

सर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. परिषद जवळ आली होती. त्यांनी सांगितलं, जुन्याच पद्धतीने प्रयोग पुन्हा करा. आता प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग कॉलेजच्या समितीच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि तिथे पशुवैद्यकाची सही लागते. मॅडम म्हणाल्या, "मी सही देणार नाही." गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. मॅडमची नेमणूक अजून पक्की झालेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही. माझी पदवी मधे लटकलेली. प्राचार्यांच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी होते.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काहीतरी मधला मार्ग काढा."

"काढते," मॅडम म्हणाल्या आणि काकडे सरांकडे वळल्या. "सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः या. कुठलंच औषध न दिलेले उंदीर मी तुम्हाला देते. तुमच्या हाताने धरा, तुमच्या हाताने थेंब घ्या, तुम्हीच साखर मोजा. दोन आठवडे. त्यानंतर तुम्ही म्हणाल त्यावर मी सही करते."

मला वाटलं, सर हसण्यावारी नेतील. विभागप्रमुख कुठे उंदीर धरत बसतात? पण काकडे सरांबद्दलही मला अभिमान आहे तो इथे. ते म्हणाले, "सकाळी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दारात त्यांचाही वास घेतला आणि दाढीनंतर लावलेलं लोशन धुऊन यायला परत पाठवलं. सर निमूट गेले. पहिल्याच दिवशी त्यांना उंदीर चावला. मॅडमनी आधी उंदीर तपासला, मग सरांचं बोट. त्या दिवशी शेपटीला सुई टोचून घेतलेल्या थेंबात, मधुमेहाची माणसं घरी वापरतात तसल्या यंत्रावर, आकडे भलतेच वर आले. सर म्हणाले, "उंदीर आजारी दिसतात." मॅडमनी पुढच्या दिवशी नुसतं धरायचं, टोचायचं नाही, एवढंच सांगितलं. सर धरत राहिले. घामाघूम व्हायचे. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, बोलणं हळू झालं. एकदा मी आत गेले तर बाहीवर उंदीर घेऊन ते खिडकीपाशी उभे होते आणि पुटपुटत होते, "बस रे, बस. कुठं जायचंय आपल्याला."

दोन आठवडे संपले तेव्हा त्याच उंदरांचे थेंब सरांनी पुन्हा घेतले. एकेक आकडा यंत्रावर आला तसा ते वाचत गेले. सगळे खाली, एका ओळीत. पुन्हा पहिल्या दिवसाचे पाहिले. पुन्हा आजचे.

"यांना आपण काहीच दिलेलं नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"नुसता हात."

"व्हय."

सरांनी कोट काढून खुंटीला लावला, बाहेर व्हरांड्यात जाऊन आमच्या सगळ्यांच्या देखत परिषदेच्या संयोजकांना फोन केला आणि निबंध मागे घेतला. "नाही, तब्येत ठीक आहे," ते फोनवर म्हणत होते. "आकडे चुकले होते. माझे." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसून होते. मॅडमनी त्यांच्यासाठी चहा पाठवला आणि स्वतः गेल्या नाहीत. माणसाला कधी एकटं सोडायचं हेही त्यांना कळायचं.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "परिणाम इतका थोडा कसा?" मी तोंड उघडायच्या आत काकडे सर म्हणाले, "कारण तो तेवढाच आहे, सर." आणि ते इतक्या ताठ मानेने म्हणाले की परीक्षक हसले आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

त्यानंतर आमच्या प्राणीगृहाचं नाव व्हायला लागलं. मॅडमची नेमणूक पक्की झाली. त्यासाठी सगळ्यात जास्त खेटे काकडे सरांनी घातले. मला तिथेच नोकरी लागली. बाहेरगावचे शिक्षक शिकायला येऊ लागले. शेपटीची शीर, मागच्या पायाची शीर, किती वजनाच्या उंदराचं एका वेळी किती रक्त घ्यायचं आणि मग त्याला किती दिवस विश्रांती द्यायची, हे सगळं मॅडम शिकवायच्या. पुस्तकात हे सगळं आहेच. पण पुस्तकात वाचलेलं बोटांत कसं उतरवायचं, ते बघायला माणसं नगरची बस धरून यायची.

आणि मग एक दिवस, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, मॅडमनी शेपूट पाण्यातून काढली, सुई उचलली आणि तशीच परत ट्रेमध्ये ठेवली. "वैशाली, इकडे ये. पुढचं तू कर." मी केलं. नंतर त्यांच्या खोलीत गेले तर त्या हातमोजे काढून आपला उजवा हात टेबलावर ठेवून बघत बसल्या होत्या. बोटं अगदी बारीक थरथरत होती.

"बरेच दिवस चाललंय," त्या म्हणाल्या. "चहाच्या कपावर होतं तोवर मी काही बोलले नाही. आज सुईवर आलं."

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. थरथर कमी व्हायची, जायची नाही. मॅडम स्वतःच प्राचार्यांकडे गेल्या आणि सांगून आल्या की यापुढे त्या सुई धरणार नाहीत. प्राचार्य म्हणाले, "अहो, एवढीशी थरथर, कुणाला कळणारे?" मॅडम म्हणाल्या, "ज्याला टोचायचं त्याला कळतं."

त्या दिवसापासून त्या स्टुलावर बसायच्या आणि मी उभी राहायचे. आयुष्यात कुणी मला इतकं रागावलं नसेल. "मनगट खाली. श्वास सोड आधी, तूच घाबरलीस तर तो काय करंल? आता कुठं चाललीस? थांब. शीर पळून जात न्हाई." एखाद्या दिवशी सगळं मनासारखं झालं तर फक्त "हं" म्हणायच्या. त्या "हं"साठी मी सुट्टीच्या दिवशीही जायचे.

आता मॅडम निवृत्त होऊन खर्ड्यालाच असतात. भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्यात. गल्लीतल्या बायका शेळी घेऊन येतात, मॅडम ओट्यावर बसून काय करायचं ते सांगतात आणि त्या बायका करतात. मी मधूनमधून जाते. पण त्यांचं नाव निघालं की मला खर्ड्याचा ओटा आठवत नाही, त्यांच्या निवृत्तीआधीची आमची शेवटची कार्यशाळा आठवते.

राज्यभरातून शिक्षक आले होते. प्राणीगृहातली खोली गच्च भरलेली, सगळे कोट घालून, मास्क लावून. मॅडमनी तोंडी सगळं सांगितलं. मग पुण्याकडचे एक वयस्कर प्राध्यापक पुढे आले आणि अगदी आदराने म्हणाले, "मॅडम, बोलणं तर ऐकलंच. पण आम्ही इतक्या लांबून आलोय ते तुमच्या हातचं बघायला. एकदा करून दाखवाल?"

मी काकडे सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. त्या प्राध्यापकांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मॅडम स्टुलावरून उठल्या. त्यांनी उजवा हात सगळ्यांच्या समोर धरला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो सगळ्यांना नीट दिसेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"हा हात आता सुईचा राहिला नाही," त्या म्हणाल्या. आवाजात कुठेही ओशाळेपण नव्हतं. "पण तुम्ही माझ्या हातचं बघायला आलात ना? मग बघा." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं.

मी उंदीर उचलला. बाहीवर बसवला, थोडा वेळ दिला. शेपूट कोमट पाण्यात धरली. मागे एवढी माणसं होती, पण मला ऐकू येत होता तो फक्त माझा श्वास. शीर वर आली. सुई गेली. थेंब नळीत उतरला. कापूस दाबून मी उभी राहिले, रक्त थांबेपर्यंत. मग त्याला पिंजऱ्यात सोडलं.

कुणीतरी टाळीसाठी हात वर केले. मॅडमनी लगेच बोट ओठांवर ठेवलं. इथे नाही. ते घाबरतील. मग ती सगळी मोठमोठी माणसं एकही आवाज न करता, पावलं जपून टाकत, एकेक करून त्या खोलीतून बाहेर पडली.

टाळ्या झाल्या त्या बाहेर, व्हरांडा ओलांडून पार मैदानात आल्यावर. काकडे सर सगळ्यांत जोरात वाजवत होते. ते प्राध्यापक माझ्याशी हात मिळवायला आले, काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मी मॅडमना शोधत होते. त्या गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, आणि त्याही टाळ्या वाजवत होत्या. उजवा हात डाव्यावर नीट बसत नव्हता, मधेच चुकत होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि वाजवत होत्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी.